गाओ सर मार कसा खायचे

फिल्मच्या सेटवर एक अख्खा उन्हाळा काढला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोकरीच्या स्वेटरला कुसळं चिकटतात ना, तसे ते अंगाला चिकटूनच घरी येतात. मग पामर्स्टन नॉर्थच्या मैत्रिणीकडे जेवायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "हिरो कसा आहे गं, जवळून?"

हिरो छान आहे. केस तर फारच छान! पण माझ्याकडचे किस्से आहेत ते सगळे व्हिलनचे.

आधी माझं काम सांगते. मी पुण्याची मेकॅनिकल इंजिनियर. पूर्वी इथल्याच 'ते रापा' नावाच्या गावी डेअरी फॅक्टरीत दुधाच्या पावडरीच्या गोण्या उचलणारी मशिनं सांभाळायचे. आता ऑकलंडला माणसं उचलते. म्हणजे फायटिंगच्या सिनेमात लोक हवेत उडतात, त्यांना वायरवर उडवणाऱ्या टीममध्ये आहे. गेल्या उन्हाळ्यात एक चायनीज मार्शल आर्ट्सचा सिनेमा इथे शूट झाला. त्यात हिरोचा वैरी, दुसऱ्या आखाड्याचा उस्ताद, म्हणजे आमचे गाओ सर. साठी ओलांडलेले, बारीक अंगाचे. पायात जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला, घालून सेटवर यायचे. त्यांना इंग्लिश येत नव्हतं, म्हणून मे नावाची इंटरप्रिटर कायम बरोबर असायची.

* * *

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सीन साधा होता. गाओ सरांनी जमिनीवरून कमरेएवढ्या चौथऱ्यावर उडी घ्यायची. माणसाच्या कमरेला हार्नेस, त्याला वायर, आणि वायरवर किती भार येतोय ते माझ्या स्क्रीनवर दिसतं.

ॲक्शन झालं. मी बटण दाबलं. गाओ सर पिसासारखे वर गेले आणि चौथऱ्यावर उभे! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र स्क्रीनकडे बघतच राहिले. भार जवळजवळ शून्य. वायर ढिलीच होती. म्हातारा स्वतःच उडी मारून वर गेला होता!

मी मेकडे जाऊन म्हटलं, "त्यांना विचार, वायर खेचायच्या आधीच का उडी मारली?"

मे विचारून आली आणि हसत म्हणाली, "ते म्हणतायत, तुझ्या मशिनला उगीच त्रास कशाला!"

* * *

आमच्या स्टंट टीममध्ये टामा म्हणून एक माओरी गडी आहे. रग्बी खेळलेला, दारातून आडवा होऊन आत येतो असा. त्याचा एक क्लोजअप होता. गाओ सरांची लाथ थेट चेहऱ्यावर येणार आणि नाकापाशी थांबणार. टामाने डोळेसुद्धा मिटायचे नाहीत.

ऊन मरणाचं. टामाच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक थेंब लोंबकळत होता. मेकअपवाली पुसायला निघाली, तर गाओ सरांनी हातानेच नको म्हणून सांगितलं.

लाथ आली आणि गेली. मला तर नुसती वाऱ्याची झुळूक दिसली म्हणा ना! टामाच्या नाकाला काही लागलं नव्हतं. थेंब मात्र नव्हता.

"टामा, ऑल गुड?" डायरेक्टरने विचारलं.

"स्वीट ॲज," टामा म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. आणि शांतपणे जमिनीवर बसला. हात धरून उठवायला गेलो तर म्हणतो, "जरा थांबा ब्रो, पाय अजून नाही म्हणतायत!"

* * *

हिरोचं दुखणं वेगळं होतं. पोरगा गुणी, मेहनती, पण गाओ सरांना मारायची वेळ आली की हात आखडायचा. लहानपणापासून ज्यांचे सिनेमे बघितले त्यांना लाथ कशी घालणार? टेकवर टेक वाया जायचे.

एक दिवस त्याने जी लाथ मारली ती गाओ सरांपासून चांगली वीतभर लांबून गेली. मी बाजूलाच उभी होते, मला स्वच्छ दिसलं. पण गाओ सर असे कोलमडले की बास! मान फिरली, अंग हवेत गर्रकन वळलं, आणि पाठीवर धाडकन. माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. हिरो बिचारा पांढराफटक पडला आणि सॉरी सॉरी करत धावला. त्याला स्वतःलाच वाटलं, लागली!

लंचभर गाओ सर जबडा धरून बसले होते. मी हळूच मेच्या कानात म्हटलं, "अगं, लागलीच नाहीये त्यांना."

गाओ सरांनी ते कसं ओळखलं कोण जाणे. माझ्याकडे बघून त्यांनी मेच्या कानात काहीतरी सांगितलं. मे म्हणाली, "ते म्हणतायत, त्याला सांगू नकोस. आज त्याला पहिल्यांदा वाटलंय की आपल्याला मारता येतं."

दुसऱ्या दिवशी हिरोची लाथ खरंच लागली. गाओ सरांचा ओठ सुजला. तो सुजलेला ओठ ते सगळ्या युनिटला दाखवत फिरत होते. पोरगं बोर्डात आल्यासारखे!

* * *

फॅमिली डेला मी आईला आणि माझ्या लेकीला, इराला, घेऊन गेले. आई सहा महिन्यांसाठी कोथरूडहून आली होती. त्या दिवशी गाओ सरांचा मेकअप भयंकर होता. चेहऱ्यावर तिरपा वार, एक डोळा पांढरा. आणि समोरून हिरोची सगळी गँग अंगावर धावून येत होती.

"आजी, ही इज द बॅड गाय," इरा कुजबुजली.

"कसला बॅड गाय? ते एवढे जण, आणि हे एकटे. वाईट कोण ते कळतंय मला!"

ब्रेकमध्ये आई गुडघ्यावर हात दाबत खुर्चीतून उठत होती. ते गाओ सरांनी लांबून पाहिलं आणि तडक आले. मे जेवायला गेलेली. मी चहा घेऊन येते तर हे दोघं समोरासमोर खुर्च्यांवर. ते चायनीजमध्ये सांगतायत, आई मराठीत. पावलं मागे, पाठ सरळ, श्वास सोडत वर. आई हात न टेकता उठली! परत बसली, परत उठली.

"तुला काय कळलं गं त्यांचं?" मी थक्क होऊन विचारलं.

"न कळायला काय झालं? नीट शिकवतात ते," आई म्हणाली. "तू मध्ये बोलू नकोस."

* * *

शेवटची फाइट पश्चिमेच्या काळ्या वाळूच्या बीचवर होती. सीनमध्ये गाओ सर मेलेले. वाळूत पालथे पडलेले, तोंड समुद्राकडे, डोळे मिटलेले. त्यांच्या पाठीमागे हिरो वायरवरून हळूहळू खाली उतरणार. दोन्ही बाजूंना खडक. वारा सकाळपासून पडलेला, मीटरवर मी स्वतः दहादा बघितलेला.

हिरो अर्ध्यावर आला आणि एकदम समुद्रावरून वाऱ्याचा झोत आला. हिरो झोक्यासारखा खडकाकडे फेकला गेला. मी स्टॉप दाबला. पण स्टॉपने वायर थांबते, झोका नाही थांबत! पुढचं बघायचंसुद्धा नव्हतं मला.

खडकाच्या पुढ्यात गाओ सर उभे होते. त्यांनी हिरोला कमरेत धरलं, त्याच्या वेगाबरोबर स्वतः फिरले आणि दोघं वाळूत गडगडले. हिरोचा तळहात खरचटला, एवढंच. सगळे त्याच्याकडे धावले. मीही धावले. त्याचा हार्नेस सोडवून, तो ठीक आहे ना हे दोनदा विचारून मॉनिटरपाशी आले.

डायरेक्टर तोच शॉट बघत बसला होता. त्याने तो मला पहिल्यापासून लावून दाखवला. हिरो उतरतोय. त्याचा झगा सरळ खाली लोंबतोय, वाऱ्याचं नावसुद्धा नाही. आणि खाली गाओ सरांचा तळवा वाळूत दाबलेला, गुडघा पोटाखाली घेतलेला. ते उठतात. वळतात. खडकाकडे धावायला लागतात.

मग झगा हलतो.

डायरेक्टरने परत लावलं. टामा, मी, कॅमेरावाले, सगळे वाकून बघत होतो.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर मेचा आवाज आला. आम्ही माना वर केल्या. गाओ सर आपल्या जागेवर, वाळूत उमटलेल्या त्याच खळग्यात, पालथे पडले होते.

"गाओ सर विचारतायत," मे म्हणाली, "मी अजून मेलेलाच आहे ना?"