उंच पिकअप आणि आबांचं स्टूल

“गाडी दांडगी आहे हो. हिला झेपत नाही,” मिलिंद खळदकर मला सांगत होते. ‘हिला’ म्हणजे त्यांच्या बायकोला, अश्विनीला. ती तीन हात अंतरावर उभी होती आणि गाडीची किल्ली तिच्याच हातात होती. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते, म्हणून गोष्ट तिथूनच सुरू करतो.

फरीदाबादला माझं छोटं वर्कशॉप आहे. काम फक्त गाडीच्या पुढच्या भागाचं: स्टिअरिंग, सस्पेन्शन, अलाइनमेंट. मूळचा मी कराडचा. स्टिअरिंगचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला म्हणून इकडे आलो आणि इथलाच झालो. दिल्लीतल्या मराठी मंडळींची गाडी डगमगली की कोणीतरी माझा नंबर देतं. खळदकर असेच आले होते. ते केंद्र सरकारात नोकरीला, घर आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. बदली झालेल्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी जुनी फोर-बाय-फोर पिकअप घेतली होती. स्वतः मेट्रोने ऑफिसला जात. गाडी अश्विनीच चालवायची.

पिकअप लिफ्ट केलेली होती. म्हणजे आधीच्या मालकाने लांब स्प्रिंगा घालून ती चार इंच उचलली होती आणि खाली मोठाले टायर चढवले होते. बघायला रुबाबदार. पण अश्विनीचे सासरे, आबा, ऐंशीच्या पुढचे. त्यांना चढता यावं म्हणून मागे निळं प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं असायचं.

झालं होतं असं. फ्लायओव्हरच्या दोन तुकड्यांमध्ये जो लोखंडी जॉइंट असतो, त्यावरून जाताना स्टिअरिंग अचानक थरथरायला लागलं. साधं थरथरणं नाही. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे फडफडली. आमच्या धंद्यात याला डेथ वॉबल म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, पण घाबरण्यासारखंच असतं ते. आबा गाडीत होते.

मी गाडी वर्कशॉपच्या लिफ्टवर, म्हणजे गाडी उचलून धरणाऱ्या यंत्रावर, घेतली. हलवून पाहिलं, सगळं घट्ट. चाकं बॅलन्स केली, अलाइनमेंट केली, मशीनने ‘सगळं ठीक’ असा हिरवा रिपोर्ट छापून दिला. वर एक जाडजूड स्टिअरिंग डॅम्पर बसवला. डॅम्पर म्हणजे हादरे गिळणारा पंप. रिपोर्ट मी खळदकरांच्या हातात दिला, समजावलंही त्यांनाच. अश्विनीला एवढंच म्हणालो, “मॅडम, सत्तरच्या वर नका नेऊ.”

तीन आठवड्यांनी ती एकटीच आली.

“पुन्हा झालं,” ती म्हणाली. “तोच फ्लायओव्हर. आबा तेव्हापासून या गाडीत बसत नाहीत. रागावले नाहीत ते. म्हणतात, पोरी, आपण बसने जाऊ.”

“कुठे जायचंय?”

“संक्रांतीला काला अंबला. पानिपतच्या रणभूमीवर, जिथे मराठे पडले. इथे राहायला आल्यापासून त्यांच्या मनात आहे. मी नेते म्हणाले होते. आठ दिवस राहिलेत, आणि घरात सगळे म्हणतात माझा हात कच्चा आहे. हे तर गाडी विकायला निघालेत.” मग तिने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. “गाडीत दोष असेल तर दुरुस्त करा. माझ्यात असेल तर तसं लिहून द्या. मी परत या गाडीला हात लावणार नाही.”

मी किल्ली उचलली. मग, जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, ते विचारलं. “तुम्हाला काय जाणवतं ते सांगा. अगदी बारीकसारीक.”

“टक् असा आवाज येतो. चालताना नाही. पार्किंगमधून निघताना, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की. आवाज कसला, पायाखाली जाणवतं. मागच्या वेळी हेच सांगायला आले होते. तुम्ही यांच्याशी बोलत होता.”

कानाखाली बसावी तसं झालं.

राजपाल, माझा जुना मिस्त्री, सवयीने म्हणाला, “बाबूजी, लिफ्ट पे ले लूँ?”

“नाही,” मी म्हणालो, “नीचे ही रहने दे. गत्ता ला.”

लिफ्ट आल्यापासून मी गाडीखाली झोपणं सोडलं होतं. गुडघे, कंबर, वय, कारणांना काय तोटा. पण लिफ्टवर गाडी टांगली की चाकं लोंबकळतात आणि जोडांवरचा भार निघून जातो. सैल जोडही तेव्हा शहाण्या मुलासारखा गप्प बसतो. हे मला कारखान्यात शिकवलं होतं. माहीत असून विसरलो होतो, याला मशीन कारण नाही, माझा आळस कारण.

हँडब्रेक लावला, मागच्या चाकांना ठोकळे दिले. अश्विनी स्टिअरिंगवर बसली, मी राजपालने अंथरलेल्या पुठ्ठ्यावरून पाठीवर गाडीखाली सरकलो.

“इंजिन चालू करा. आता थोडं डावीकडे. उजवीकडे. पटपट.”

टक्. टक्.

दिसलं. एक्सल म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. तो बाजूला सरकू नये म्हणून त्याला एका तिरक्या रॉडने चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बांधलेलं असतं. त्या रॉडचा वरचा बोल्ट आपल्या भोकात इकडून तिकडे उडत होता. म्हणजे अख्खं एक्सल मोकळं. वर मोठ्या टायरांचं वजन. एक ठेच लागली की चाकं फडफडणारच. मी मात्र बॅलन्सिंग करून, डॅम्पर ठोकून मोकळा झालो होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या डॅम्परने तीन आठवडे दुखणं झाकलं, एवढीच माझी कर्तबगारी.

मी बाहेर आलो. “आता तुम्ही खाली जा. मी फिरवतो.”

तिने ओढणी खोचली आणि चांगल्या कपड्यांत पुठ्ठ्यावर झोपली. मी फिरवलं.

खालून आवाज आला, “दिसलं.” जरा वेळाने, “अजून एकदा फिरवा.” मग पुन्हा, “अजून एकदा.” ती मोबाइलवर शूट करत होती. बाहेर आली तेव्हा पाठभर ग्रीस होतं आणि चेहरा असा, की राजपालने न सांगता चहा आणला.

“आबांना दाखवते,” ती म्हणाली.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “अहो, एक सांगू? फडफडणारी एवढी गाडी, कचकन ब्रेक न दाबता, सरळ ठेवून दोनदा बाजूला घेतलीत तुम्ही. हात कच्चा असता तर आज आपण बोलत नसतो. कुठे शिकलात?”

“माहेरी. वडिलांचा टेम्पो होता. भाजीचा.”

बोल्ट उघडला तर आणखी करामत. लिफ्ट करणाऱ्याने बारा एमएमच्या भोकात दहाचा बोल्ट घातला होता. त्याने भोक कुरतडून अंड्यासारखं केलं होतं. आम्ही ते भोक असलेल्या ब्रॅकेटवर जाड प्लेट वेल्ड केली, मापाचं भोक पाडलं, बाराचा बोल्ट बसवला. गाडी उंच केल्यामुळे एक्सलही थोडं फिरलं होतं. सायकलचा पुढचा चिमटा जरा तिरका असतो, म्हणून हँडल आपोआप सरळ होतं. गाडीतही तसाच कल लागतो, तो पुन्हा मिळवला. सगळे बोल्ट गाडी जमिनीवर ठेवून आवळले. शेवटी मी बसवलेला डॅम्पर काढून टाकला. दुखणं खरंच बरं झालं असेल तर कुबडी लागायला नको.

टायर मुद्दाम तेच ठेवले. तोच फ्लायओव्हर, तोच वेग, गाडी अश्विनीच चालवणार आणि शेजारी मी. जॉइंट जवळ आला तशी तिची बोटं पांढरी पडली. खरं सांगतो, माझीही. धडधड, धडधड, दोन ठोके बसले आणि गाडी सुतासारखी सरळ पुढे गेली.  तिने पुढून यू-टर्न घेतला आणि पुन्हा त्याच जॉइंटवरून नेली. तिसऱ्यांदा मीच म्हणालो, “चलो, बस झालं, पटलं मला.” तेव्हा ती हसली.

गाडीची चार इंच उंची कागदपत्रांत कुठेच नव्हती, आरटीओला ती चालत नाही, हे मी सांगितलं. “उतरवा,” ती म्हणाली. “आबांनाही सोपं जाईल.” मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि टायर चढवले. अलाइनमेंट पुन्हा केली. या वेळी रिपोर्ट तिच्या हातात दिला.

संक्रांतीच्या दुपारी फोन आला. तिचा नंबर, पण बोलत होते आबा. पाठीमागे बरीच मराठी माणसं बोलत असल्याचा गलका होता.

“साहेब, काला अंबहून बोलतोय. दर्शन झालं. धुकं निवळल्यावर निघालो होतो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण वाटेतलं मुरथळ कधी गेलं ते कळलंच नाही बघा. मला झोप लागली होती.”

जो माणूस त्या गाडीत पाय ठेवायला तयार नव्हता, तो हायवेवर तिच्या शेजारच्या सीटवर झोपला. एवढ्या वर्षांत इतकं मोठं सर्टिफिकेट मला कोणी दिलेलं नाही, आणि तेही खरं तर अश्विनीचं आहे. पहिल्यांदा ऐकून घेतलं नाही, तरी ती परत माझ्याकडेच आली. दुसरीकडे गेली असती तर मी आजही हिरवे रिपोर्ट छापून खुशीत राहिलो असतो. तिचे उपकार मी विसरणार नाही.

निळं स्टूल माझ्याकडेच राहिलं. आबांना आता ते लागत नाही. मी फोन करून विचारलं तर अश्विनी म्हणाली, असू द्या. गाडी आली की आता मी आधी विचारतो, चालवतं कोण? मालक असो, ड्रायव्हर असो, कोणाची आई असो, त्या माणसाला स्टुलावर बसवतो आणि चहा देतो. त्याचं सांगून होईपर्यंत राजपालला लिफ्टचं बटण दाबायची परवानगी नाही.