झिजलेलं नाव

जुन्या बाजारात मिळालेली ग्रामोफोनची एक तबकडी परवा लावून पाहिली. त्या काळी गाणं संपलं की गाणारी बाई शेवटी आपलं नाव-गाव सांगायची. हिनेही सांगितलं, पण नावाच्या जागी नुसती खरखर आली, आणि मग स्पष्ट ऐकू आलं, "...उगवतीच्या आळीची."

शेजारचे नाना चहाला आले होते. त्यांचा कप हातातच राहिला. "अहो, ही आपलीच गल्ली! माझी आई उगवतीची आळीच म्हणायची हिला."

मी पुन्हा लावली. गाणं कसं लख्ख, कालच गायल्यासारखं. झिजलंय ते फक्त नाव.

"कुणीतरी गाणं सोडून तेवढंच ऐकत बसत असणार," नाना हळूच म्हणाले.

कोण असेल? याच गल्लीत, दार लोटून घेऊन, पिन उचलून पुन्हा तिथेच टेकवणारं? चारचौघांत जे नाव घेता येत नव्हतं, ते तिच्याच तोंडून वदवून घेतलं असेल, पार पुसलं जाईपर्यंत.

नाना गेले. अंधारून आलं तरी मी दिवा लावला नाही. तेव्हापासून रोज, एकदा तरी नाव कळावं म्हणून पिन उचलतो, तिथेच टेकवतो. आता 'उगवती'मधला 'उ'सुद्धा खरखरायला लागलाय.