लालबागलाच बंद पडणारा ट्रक

माझ्या बायकोच्या मामांपुढे खोटं बोलायची हिंमत एखाद्या वायरीने केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. माणसं मात्र त्यांना बिनदिक्कत फसवत. भाजीवाला किडकी वांगी हसत हसत त्यांच्या पिशवीत टाकी आणि मामा वर त्याच्या मुलाबाळांची चौकशी करून घरी येत. पण वीज म्हटली की हा भोळा गृहस्थ एकदम फौजदार होई. जन्म गिरगावातला, नोकरी विम्याच्या कचेरीत हेडक्लार्कची, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी आणि कोटाच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक छोटा बल्ब, त्याला दोन लांब वायरी. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा तो बल्ब म्हणजे मामांचा 'दिवा'. तो घेतल्याशिवाय मामा बारशालाही जात नसत. आमच्या लग्नात संध्याकाळच्या पंगतीत मांडवातले सगळे दिवे गेले. मांडववाल्याची माणसं एकमेकांवर ओरडत होती, तेवढ्यात मामा अंधारातच पानावरून उठले. उष्टा उजवा हात उंच धरून डाव्या हाताने त्यांनी काय चाचपलं देव जाणे, पण मांडव लख्ख उजळला. परत पानावर बसून ते शांतपणे म्हणाले, "मठ्ठा फिरला का?"

'बदलून बघू' हे दोन शब्द म्हणजे मामांच्या लेखी शिवी होती. मेकॅनिक म्हणाला, 'बॅटरी बदलून बघू,' की त्यांचे कान लाल होत. "बदलून काय बघतोस? आधी बघ, मग बदल!" एकदा त्यांच्या डॉक्टरांनी खोकल्यावर 'औषध बदलून बघू' म्हटलं. मामांनी औषध तेच ठेवलं आणि डॉक्टर बदलला. यंत्र बिघडलं असंही ते कधी म्हणत नसत. यंत्राची 'तक्रार' असते आणि ती आधी नीट ऐकून घ्यायची असते, असं त्यांचं मत. लढाईच्या दिवसांत ते लष्करी गाड्यांच्या डेपोत कारकुनी करत होते, तिथे हा नाद लागला. स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, इतकंच काय, बसमध्येसुद्धा त्यांना मळमळे. पण उघड्या बॉनेटपुढे ते उभे राहिले की मला देवळात आल्यासारखं वाटे आणि मी नकळत आवाज खाली आणी.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आमच्या भोईवाड्याच्या चाळीत तळमजल्यावर बाबल नावाचा मालवणी ड्रायव्हर राही. रे रोडला एका शेटजींची लाकडाची वखार होती, तिथला ट्रक तो चालवी. त्या काळी बहुतेक ट्रकांचं इंजिन बंद करायला एक दांडा ओढावा लागे. शेटजींच्या परदेशी ट्रकला मात्र इंजिनातल्या डिझेलच्या पंपावर एक मॅग्नेट होता. स्विच लावला की त्यात वीज जाई आणि डिझेलची वाट उघडे, वीज तुटली की वाट बंद आणि इंजिनही बंद. हा ट्रक हमखास बंद पडायचा तो लालबागला, तेसुद्धा सभेच्या किंवा मोर्चाच्या दिवशी. निरोप मिळून शेटजी तिथे पोचेपर्यंत सभा संपलेली असे आणि ट्रक पहिल्या झटक्यात सुरू होई. शेटजींनी काढायचा तोच अर्थ काढला. बाबल मुद्दाम स्विच बंद करून सभेला जातो, असं ठरलं आणि त्याला कामावरून काढायचंही ठरलं. खोटारडा म्हणून एकदा नाव झालं की रे रोडवर दुसरी गाडी मिळणं कठीण. रविवारी सकाळी मामा आमच्याकडे आले होते, तेव्हा बाबल दारात येऊन उभा राहिला.

"मामांनू, आवशीची शपथ, मी बंद करूक नाय. ती आपणच बंद पडता."

"मग तसंच असणार," मामा म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले. मी थक्क होऊन बघत राहिलो. ट्रक पाहिलेला नाही, शेटजी कोण ते माहीत नाही, आणि या माणसाने निकाल देऊनसुद्धा टाकला!

वखारीत शेटजी तयारच होते. "अहो मामा, तीन मेकॅनिक बघून गेले. माझ्यासमोर एकदा तरी बंद पडली का ही गाडी? याला सभा दिसली की हिला आजार होतो!"

मामांनी मॅग्नेटला दिवा जोडला. स्विच लावताच आत 'टक्' झालं आणि दिवा झगझगीत पेटला. वायरी हलवल्या, फ्यूज पाहिला, दिवा हूं की चूं करीना. इंजिन छान चालू होतं. शेटजी मिशीत हसले. मामांनी टोपी काढून मडगार्डवर ठेवली. "बाबल, मोर्चा आडवा आला की तू काय काय करतोस ते सगळं करून दाखव. हमालांनो, तुम्ही मोर्चा व्हा!"

हमालांना तेवढंच हवं होतं. "झालाच पाहिजे!" करत ते सगळे ट्रकपुढे नाचू लागले. बाबलने क्लच दाबला, ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं काढून चार सणसणीत शब्द वापरले आणि भोंग्यावर नुसता हात ठेवल्यासारखं केलं.

"खरा दाब!" मामा ओरडले. "आणि दाबूनच ठेव!"

भोंगा असा काही गर्जला की वखारीतली कबुतरं उडाली. मामांचं लक्ष मात्र दिव्याकडे. दिवा पिवळा पडला, लाल झाला, विझला. इंजिनाने दोन आचके दिले आणि शेटजींच्या डोळ्यांदेखत ट्रक बंद पडला. बाबलने भोंगा सोडला तरी दिवा लागेना. हमालांचा मोर्चा जागच्या जागी थबकला.

"हा भोंगा कुणी बसवला?" मामांनी विचारलं.

शेटजी मिशी कुरवाळू लागले. "मी. हौसेने."

तो प्रचंड भोंगा जवळची म्हणून मॅग्नेटच्याच वायरीवर जोडलेला होता आणि तिथला एक सांधा सैल होता. गर्दीत सतत भोंगा वाजला की सांधा तापायचा, मॅग्नेटची वीज तुटायची. शेटजी पोचेपर्यंत सांधा गार व्हायचा. मामांनी सांधा घासून घट्ट केला आणि भोंग्याला बॅटरीपासून वेगळी वायर दिली. मग हात पुसत ते शेटजींकडे बघत राहिले. शेटजी तसे दिलदार. सगळ्या हमालांसमोर त्यांनी हात जोडले. "बाबल, चुकलं माझं. गाडी तुझीच."

बाबलने तोंड फिरवलं आणि कोरडं मडगार्ड बराच वेळ पुसत राहिला.

परत येताना मामांनी त्याला हळूच विचारलं, "खरं सांग, सभेला जावंसं वाटायचं की नाही?"

"वाटायचा तर! पण गाडी सोडून जातलंय खय? लाकडा चोरीक गेली तर? बॉनेटकडेच उभो रवायचंय मामांनू. एक पण सभा धड ऐकूक गावली नाय."

मामा एकदम थांबले. ज्या सभांपायी हा माणूस कामावरून जाणार होता, त्यातली एकही त्याने ऐकली नव्हती. पुढच्याच सभेला मामा स्वतः भोईवाड्याला आले आणि बाबलला घेऊन मैदानावर गेले. मीही गेलो. गर्दीत जीव घाबरा होणारे मामा कोट सावरत मातीत मांडी घालून बसले.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं कुणी ऐकून घेत नाही असं वाटलं की त्यांची फार आठवण येते. त्या संध्याकाळी कोण काय बोललं, त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. बाबल तोंड उघडं ठेवून ऐकत होता आणि मामा, व्यासपीठाकडे पाठ करून, त्याला ऐकताना बघत होते.