माणूस उचलायचाय

तिच्या नवऱ्याला सगळे क्रेन म्हणायचे. लोकांचं घरसामान हलवण्याच्या धंद्यात त्याचं उभं आयुष्य गेलं. एखादं अवजड कपाट जिन्यात अडलं की मालक म्हणायचा, "क्रेनला बोलवा," आणि हा कमरेचा पट्टा आवळून पुढे व्हायचा. ती शर्टाच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर होती. दिवसभर खुर्चीत बसून काजं पाडायची. अंगानं काडी. दोघं मिळून कुठे निघाली की शेजारचा कुलूपवाला हमखास म्हणायचा, "वहिनी, वारं सुटलंय, यांच्या खिशात बसा."

एका सकाळी दाढी करताना क्रेनच्या हातातून वस्तरा गळून पडला. अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. इस्पितळातून घरी आला तो थेट पलंगावर, आणि देह होता तेवढाच, डोंगरासारखा.

सकाळ-संध्याकाळ कुलूपवाला येऊन त्याला खुर्चीत बसवायला मदत करायचा. एका सुट्टीच्या दिवशी मात्र कुलूपवाला बाहेरगावी गेला होता. तिनं एकटीनंच त्याला उठवायला घेतलं आणि तो तिच्या हातातून सटकून फरशीवर आपटला. तिनं काखेत हात घालून ओढून पाहिलं, चादर खाली सरकवून पाहिली. तो तसूभर हलेना. शेवटी तिनं त्याच्या डोक्याखाली उशी दिली आणि शेजारी फरशीवरच बसून राहिली. दुपारी त्याचे कपडे ओले झाले. त्यानं मान भिंतीकडे वळवली.

"जा... तू," तो म्हणाला.

"कुठं जाऊ?" ती म्हणाली.

संध्याकाळी कुलूपवाला परतला तेव्हा कुठे तो पलंगावर गेला.

कारखान्याच्या गल्लीत एका तळघरात जिम होती. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर ती तिथे गेली. भिंतभर आरसे, त्यात स्वतःचे दंड न्याहाळणारी पोरं. तिथल्या शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. त्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ताई, तुम्हाला वजन कमी करायची तर गरज नाही. मग काय करायचंय?"

"माणूस उचलायचाय," ती म्हणाली.

मास्तर हसला. ती हसली नाही, तसा तोही थांबला.

सुरुवातीला त्यानं तिला नुसती काठी उचलायला लावली. "कमरेतून नाही ताई, मांड्यांतून. पाठ सरळ. श्वास धरा." रात्री तिला कूस बदलता यायची नाही. मशीनवर बसताना गुडघे बोलायचे. महिना उलटला तरी पलंगावरचा माणूस होता तिथंच होता. पैसे आणि घाम दोन्ही पाण्यात गेले, असं तिला वाटायला लागलं. त्यात नणंद भेटायला आली आणि जिमचं कळल्यावर फणकारली, "माझा भाऊ अंथरुणाला खिळलाय आणि तू व्यायाम करतेस? कुणाला दाखवायचंय अंग?"

"तुमच्या भावालाच," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

मग हळूहळू काठीच्या टोकांना लोखंडी चकत्या चढल्या. एका सकाळी तिनं कुलूपवाल्याला हाक मारलीच नाही. क्रेनचा कामावरचा पट्टा त्याच्याच कमरेला बांधला, दोन्ही हातांनी तो घट्ट धरला, गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकवले आणि श्वास धरून उठली. तिच्या पाठीत काहीतरी कडकन वाजलं, पण तो उठला आणि खुर्चीत जाऊन बसला. तिला भरून आलं. त्यानं मात्र डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर ते सोपंच होत गेलं. आठवड्यागणिक तो हलका लागायला लागला. दुपारचं ताट ती पलंगाशेजारी स्टुलावर झाकून जायची आणि संध्याकाळी ते चाटूनपुसून लख्ख असायचं. रात्री ताट बाजूला सारून तो म्हणायचा, "दुपारी... जास्त झालं." त्याची हाडं वर आली होती, पण पडून राहिलं की अंग वाळतंच, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आपल्या अंगात बळ आलंय, या आनंदात तिनं त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही.

एकदा ती कौतुकानं मास्तरला म्हणाली, "आता हे मला फुलासारखे वाटतात बघा."

मास्तर चकत्या पुसत होता. तो सहज म्हणाला, "असं कसं? तुमची पाठ जपावी म्हणून मी कधीपासून वजन वाढवलेलंच नाही. घरचंच वजन उतरलं असेल."

त्या दिवशी तिनं काठीला हातच लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी कारखान्यातून निघाली आणि आवाज न करता दार उघडलं. क्रेन डाव्या हातानं एकेक घास करून पलंगालगतच्या खिडकीबाहेर टाकत होता. खाली मांजरं जमली होती. तिला पाहून तो दचकला नाही. हातातला घासही त्यानं टाकला.

"का हो?" तिनं विचारलं.

"हलकं... व्हायचंय."

"मी उचलत होते की."

"पाठ वाजायची तुझी. मला... ऐकू यायचं." मग म्हणाला, "आणि लाज वाटते. रोज."

ती पलंगावर बसली आणि ताटात उरलं होतं ते त्याला भरवायला लागली. तिच्या समाधानासाठी त्यानं दोन घास घेतले, तिसरा तोंडातच धरून ठेवला. आठवडाभरात कफानं छाती भरली. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, लढायला अंगात काही उरलेलंच नाही. तिथून तो परत आला नाही.

दिवसकार्य झाल्यावर ती एकदा तळघरात गेली. इस्पितळातून पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याचं जेवढं वजन होतं, तेवढं तिनं मास्तरला चढवायला सांगितलं. मास्तर नको नको म्हणत होता. मग तिच्याकडे पाहून त्यानं मुकाट्यानं चकत्या चढवल्या. तिनं पाठ सरळ केली, श्वास धरला आणि उठली. दांडा जमिनीवरून सुटला, मांड्यांपर्यंत आला. क्षणभर ती तशीच ताठ उभी राहिली, मग तो अलगद खाली ठेवला.

आरशापुढच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरनं वाजवल्या नाहीत. तो पाणी घेऊन आला तेव्हा ती भिंतीला टेकून फरशीवर बसली होती.

"जमलं असतं मला," ती म्हणाली. "ते पोटभर जेवले असते तरी जमलं असतं."

पुन्हा ती तिकडे फिरकली नाही. पुढे कारखान्यात तिची ताकद पाहून साहेबांनी तिला मशीनवरून गोदामात टाकलं. आता ती दिवसभर कापडाचे तागे चढवते, उतरवते. पाठ अजूनही वाजते, पण तिथल्या गोंगाटात ते कुणाला ऐकू जात नाही.