आबांच्या वर्षश्राद्धाला बफे

माझा बाप शांत आणि मनमिळाऊ नव्हता.

सकाळपासून पाव्हण्यांचे स्टेटस बघायलोय. 'शांत, संयमी, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व.' कुणाबद्दल लिहिलंय हे? फोटो तर आबांचाच आहे.

आबांना जाऊन आज वर्ष झालं. सोनपेठजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना एकाच गोष्टीसाठी ओळखायचे. आणि घाबरायचे.

पंगतीत वरण वाढणं.

लग्न असो, बारसं असो, सप्त्याचा भंडारा असो, कुणाचं तेरावं असो. आमंत्रण असो नसो. आबा धोतर खोचून वरणाच्या बादलीपाशी हजर. दुसऱ्या कुणी बादलीला हात लावलेला चालायचा नाही.

"वाढू का म्हणून इचारायचं न्हाई. इचारलं की माणूस लाजतंय, न्हाई म्हणतंय, अन् उपाशी उठतंय."

म्हणून ते विचारायचेच नाहीत. वगराळं भरून डायरेक्ट भातावर. पत्रावळीवर हात आडवा धरला तर हातावर.

राणीसावरगावच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं दोन्ही हात आडवे धरले. अंगात पांढरी सफारी. तिचं काय झालं असंल ते समजून घ्या.

लय भांडण झालं. शेवटी मुलीकडच्यांनी आबांना हात जोडून मांडवाबाहेर काढलं. आबा निघाले, पण रागाच्या भरात बादली घेऊनच निघाले. बादली मुलीकडच्यांची.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, बादलीत काय हाय?

आबा म्हणाले, "वरण होतं. माणसं बराबर नव्हती."

दुसऱ्या दिवशी ती बादली परत द्यायला मला पिटाळलं. मी निघालो राणीसावरगावला आणि एक दोस्त भेटला म्हणून पोचलो येलदरीला. पार उलट्या दिशेला. तिथं धरणावर मासेवाल्यांसोबत राहिलो, बादली त्यांच्याच कामी आली. आबांना हे अजून माहीत नाही.

नव्हतं.

असो. विषय भरकटला. माझं असंच होतं.

तर बफे. बफेचा आबांना भयंकर राग. ताट घेऊन भिकाऱ्यासारखं दारोदार फिरायचं का, म्हणायचे. परभणीला एका फंक्शन हॉलमध्ये ते ताट घेऊन बरोबर मधोमध फरशीवर मांडी घालून बसले. मॅनेजर पळत आला. त्याला वाटलं म्हातारा उपोषणाला बसलाय.

ताटात गुलाबजाम घेऊन उपोषण.

आणि ह्या माणसाच्या वर्षश्राद्धाला आज बफे ठेवला.

परत वाचा. बफे.

मी काल हैदराबादवरून आलो. सकाळी मांडवात जाऊन बघतो तर टेबलं, टेबलांना झालरी, टोप्या घातलेली केटररची पोरं आणि दारात 'सुस्वागतम्'. श्राद्धाला सुस्वागतम्.

हे सगळं तात्यांनी ठरवलेलं. तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, परभणीत नोकरीला. मी त्यांना गाठलं. म्हणलं, पंगत बसवा, मी वाढतो.

तात्या म्हणाले, "आता खाली कोण बसतंय रे? समद्यांचे गुडघे गेलेत. अन् वर्षभर फिरकला न्हाईस तू, आता आमाला शिकवायलास व्हय?"

वर्षभर फिरकलो नाही हे खरं. पण त्याचा बफेशी काय संबंध?

माझं डोकं फिरलं. घरातून बादली आणली, टेबलावरचं सगळं वरण तिच्यात ओतलं. केटरर ओरडायला लागला. मी पण ओरडलो. मांडवात बसायच्या पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या आणि म्हणलं, बसा.

कुणी बसलं नाही.

ज्यांना ज्यांना आबांनी पोट फुटेस्तोवर वाढलं, ते सगळे हातात ताट घेऊन उभे. एक जण आपल्या पॅन्टकडं बघत होता. एक जण मोबाईलकडं. सकाळी 'मनमिळाऊ' लिहिलेले तर मागं सरकून भिंतीला टेकले.

त्या क्षणी मला वाटलं, आजच्या आज इथून निघावं. ह्या माणसांत परत यायचंच नाही.

तेवढ्यात माय आली.

आतून, फोटोपासून उठून आली. आमच्याकडं बाया पंगतीला मागून बसतात, गड्यांची जेवणं झाल्यावर. माय कुणाकडं न बघता आली आणि पहिल्या पट्टीवर, पहिल्या जागेला बसली. पत्रावळ स्वतःच समोर ओढली.

तात्या म्हणाले, "वहिनी, आधी पाव्हणे तर..."

माय माझ्याकडं बघून बोलली. "गावाला वाढलं त्यांनी. मला एक डाव न्हाई. तू वाढ."



खरं होतं. घरात आबा बसायचे, माय वाढायची. आबांचं उरकलं की ती चुलीपाशी बसून जे उरलं ते खायची. मी रोज बघायचो. कुणालाच त्यात काही वाटलं नाही, सगळ्या जगाच्या उपाशीपणाची काळजी करणाऱ्या माझ्या बापाला तर नाहीच.

सकाळपासून मी पाव्हण्यांवर तापलो होतो. तिथं उभ्या उभ्या आबांवर तापलो. लय तापलो. समोर असते तर भांडलो असतो.

आधी भात, मग न विचारता वरण. वाढलं.

मायनं कालवलं, सावकाश खाल्लं. मग शेजारच्या काकू येऊन तिच्याजवळ बसल्या. मग सगळ्या बाया. गडी ताटं घेऊन उभेच होते, त्यांना म्हणलं, थांबा आता, तुमची दुसरी पंगत. तात्यासुद्धा थांबले.

आबा, तुमचा फोटो मी पण टाकतोय. पण खाली 'मनमिळाऊ' लिहिणार नाही.

आज माय सगळ्यांच्या आधी जेवली. पोटभर. तुमच्याकडून हे राहिलं होतं.

तुमच्यावरचा राग काही गेला नाही. तो घेऊनच हात जोडतोय.