माझ्या नंबरवर रोज पाणी येतं

आदिलाबादला कोणी फिरायला जातं का, असं मला लॅबमधल्या सगळ्यांनी विचारलं. जातात की! पावसाळा संपता संपता कुंटाला धबधब्यापुढे उभं राहून रील काढायला कितीतरी जण जातात. मी मात्र डिसेंबरात गेले, आणि तेही एका सहा आकडी कोडसाठी. तो कोड मला नाशिकला घरच्या गादीवर लोळतानाही मिळाला असता.

सुरुवातीपासून सांगते. दोन वर्षांपूर्वी मी नवं सिम घेतलं. बंद पडलेला नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकतात, हे मला ठाऊक नव्हतं. नवा नंबर म्हणजे कोरा नंबर, असं मी धरून चालले होते. चौथ्याच दिवशी कोणीतरी मला ‘पानी’ नावाच्या ग्रुपमध्ये घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एका बाईचा आवाज आला, "पानी आलं हो. भरून घ्या." मागे मोटारीची घरघर आणि कुठल्याशा पक्ष्याची शीळ. बस, एवढंच.

खरं तर ग्रुप सोडायला हवा होता. मी सोसायटीचा ग्रुप सोडलाय, शाळेच्या मैत्रिणींचा सोडलाय, चुलतभावंडांचा तर भांडून सोडलाय. हा मात्र सुटेना. मी एकटी राहते. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, आणि सकाळी माझ्याशी बोलणारं पहिलं माणूस म्हणजे ही बाई. कधी ती म्हणायची, "आज लाईन नाई, सांजच्यानं पाहू." लाईन म्हणजे वीज, हे हळूहळू कळलं. अर्ध्या झोपेत मी ते गाव बांधत बसायचे. कधी त्यात नदी असायची, कधी नुसत्या पायऱ्या. आमच्याकडे नळाला चोवीस तास पाणी असतं, ते कुठून येतं हे मी कधी विचारलेलं नाही.

त्याच सुमारास सुजाता नावाच्या मुलीचा मेसेज आला. "नमस्कार. हा नंबर माझ्या वडिलांचा होता, ते वारले. त्यांच्या फोटोंचं खातं उघडायचं आहे. तुम्हाला एक कोड येईल, तो सांगाल का?" आता अशा वेळी शहाणं माणूस जे करतं तेच मी केलं. ब्लॉक! ग्रुपमधली बाई आणि ही मुलगी यांचा काही संबंध असेल, हे डोक्यातही आलं नाही. पुढे अधूनमधून रविवारी दुपारी कोड यायचा. मी तो पुसायचे आणि आपण कशा फसलो नाही म्हणून स्वतःवरच खूश व्हायचे.

मग या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो सकाळचा आवाज लांबला.

"पानी आलं हो. भरून घ्या. आन ज्यायच्यापाशी आमच्या घरच्यायचा नंबर हाय ना, त्यायले सांगतो. तुमी रोज आयकता, मले दिसते. माह्या पोरीनं कोड मांगतला तं तुमाले भेव वाटलं असन. बराबर हाय, दिवसच तसे हाय. फोनवर नोका सांगू. इकडे या, चा घ्या, आमाले पाहा. मंग वाटलं तर सांगा. हा महिना सरला का ते खातं पुसून टाकतेत म्हन्ते पोरगी."

तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं कोणीतरी दार वाजवत होतं आणि मी आतून कडी घालून बसले होते. सुजाताला अनब्लॉक करून फोन केला. तिथल्या तिथे कोड देऊन मोकळी होऊ शकले असते, पण नुसतं फोनवर भागवावंसं वाटेना. शिवाय तो आवाज जिथून येतो ती जागा पाहायची होती, हा माझा स्वार्थ. सुजाता आदिलाबादच्या एका शाळेत क्लार्क आहे, तिला सुट्टी रविवारची. ठरलं.

शनिवार-रविवार

जाणाऱ्यांसाठी: नाशिक रोडहून थेट आदिलाबादला जाणारी गाडी आहे, संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उतरता येतं. थंडीत गेलात तर स्लीपरमध्ये चादर पुरत नाही, रग न्या. आणि किनवट यायच्या आत जागे व्हा, ही विनंती. तिथून पुढे सागाचं जंगल आणि धुकं गाडीला इतकं खेटून येतं की डबा चाललाय की थांबलाय हे समजत नाही. माझ्या समोरच्या आजोबांनी मफलरमधूनच सांगितलं, "गाडी चालू हाय, झाडंच हळू चालून राह्यली." सीमा कधी ओलांडली ते फोनने सांगितलं. एका गाण्याच्या आधीची साबणाची जाहिरात अचानक तेलुगूत लागली.

आदिलाबादला स्टेशनबाहेर उपमा आणि आल्याचा चहा घेतला. चहावाल्याकडेही स्कॅनर आहे, पण रेंज रुसली की तो तुमच्याकडे आणि तुम्ही त्याच्याकडे बघत बसता. सुट्टे पैसे ठेवा. बेला गावाला जाणारी साधी बस स्टँडवरून मिळते. तेलंगणात बायकांना बसप्रवास फुकट, म्हणून मी ऐटीत आधार कार्ड पुढे केलं.

कंडक्टरने ते उलटंपालटं केलं. "हे महाराष्ट्राचं हाय मॅडम. टिकट लागन."

शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "पैनगंगेच्या अल्याड जलमल्या असत्या तं वाचले असते पैसे." सगळी बस हसली, मीही हसले आणि तिकीट काढलं.

रस्ता कपाशीतून जातो. कापसाच्या गाड्या जाताना बाभळीच्या काट्यांना कापूस अडकतो आणि तिथेच राहतो, त्यामुळे रस्त्याकडेची झाडं मैलोन् मैल पांढरी दिसतात. दुपारच्या उन्हात धुकं तेवढंच मागे राहिलंय असं वाटत होतं. फोन बाहेर काढलाच नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही, मला झोप आणि जाग यांच्या मधलं काहीतरी लागलं होतं.

गावाचं नाव लिहीत नाही, विहिरीपाशी रील काढायला कोणी जायला नको. बेल्याहून पुढे नदीच्या अंगाला आहे, इतकं पुरे. फाट्यावर सुजाता स्कूटर घेऊन उभी होती. "ब्लॉकवाल्या मॅडम ना?" म्हणाली. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार?

तिची आई, कौसल्याबाई, दारातच होती. ही दोन वर्षं मी एक उंच, धिप्पाड बाई मनात धरली होती. ही माझ्या खांद्याला लागेल एवढी. पण तिने "या, बसा" म्हटलं आणि ओळख पटली. अगदी तोच आवाज, फक्त मागे मोटार नव्हती.

घरात बुद्धाची मूर्ती, आणि बाजूच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा, देवरावांचा फोटो. आधार कार्डावरचाच मोठा करून लावलेला. डोळे वटारलेले, कान पुढे आलेले, ओठ घट्ट. "असे नोते हो ते," कौसल्याबाई म्हणाली. "आधारवाल्यानं हसू नोका म्हनलं, तं भेलेच. दुसरा फोटोच नाई. येनारा-जानारा याच फोटोले पाह्यते न मले लाज वाटते." तिला खात्यातून एवढंच हवं होतं. एक धड फोटो, ज्यात देवराव देवरावांसारखे दिसतील.

ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि लाल ठेचा जेवताना बाकीचं कळलं. देवराव गावची पाण्याची मोटार चालवायचे. कामावर आल्याचा पुरावा म्हणून मंडलाच्या, म्हणजे तिथल्या तालुक्याच्या, कचेरीत रोज विहिरीचा फोटो पाठवावा लागे, गावात त्याला ‘हाजरी’ म्हणतात. तापाचं निमित्त होऊन ते गेले. फोन आधीच पावसात भिजून बंद पडला होता, सिमला रिचार्ज कोणी केलं नाही. मोटारीचं काम कौसल्याबाईकडे आलं आणि तिने पाण्याचा नवा ग्रुप केला.

"साऱ्या गावाले घेतलं, तं त्यायले कसं सोडू?" ती म्हणाली. "त्यायलेबी कळाले पाह्यजे ना, पानी आलं ते. म्हनून त्यायचा नंबर टाकला. मंग एक दिवस पाह्यलं तं त्यायच्या नावापुढं निळं झालेलं. म्हनलं, कोनतरी आयकून राह्यलं."



माझ्या सिमच्या कंपनीची रेंज गावात कुठेच नाही, फक्त विहिरीच्या चौथऱ्यावर येते. देवरावांनी ती कंपनी घेतली त्याचं कारणही तेच. उन्हं कलायच्या आत आम्ही तिघी तिथे गेलो. गोल, जुनी, दगडी विहीर, काठाला मोटारीची खोली, पलीकडे ज्वारी. सुजाताने आपल्या फोनवर पासवर्ड विसरल्याचं बटण दाबलं. माझ्या फोनवर एक काडी रेंज आली, गेली, परत आली. कोड पोचला तोवर त्याची मुदत संपलेली.

"आता जपून," सुजाता म्हणाली. "सारखं चुकलं तं थांबवून ठेवतेत. माह्यापाशी आता दोनच आठवडे हाय."

दुसऱ्यांदा मी फोन विहिरीच्या कठड्यावरून हात लांब करून धरला. कोड आला तसा तो थरथरला. मी आयुष्यात पहिल्यांदा एक ओटीपी मोठ्याने वाचला, इतक्या मोठ्याने की ज्वारीतली पाखरं उडाली. खातं उघडलं.

विहीर. विहीर. विहीर. हजाराच्या वर फोटो, आणि सगळे वरून काढलेले, दगडाचा गोल आणि आत पाणी. सुजाता बोटाने वर्षंच्या वर्षं सरकवत गेली. मध्ये एक शेळी, एक तिची मार्कशीट, एकदा नुसता अंगठा. आणि परत विहीर.

"साऱ्या हाजऱ्याच हायत व माय," ती म्हणाली. "बाबा कुठीच नाई."

मला फार वाईट वाटलं. एवढं करून आपण हिला हे दिलं, असं झालं. लोक ताटातल्या वड्याचे दहा फोटो काढतात आणि एका माणसाला आपला स्वतःचा एक फोटो काढावासा वाटू नये, याचा रागही आला. मी पुन्हा एकदा माफी मागितली.

कौसल्याबाईने फोन हातात घेतला. नाकाशी नेला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

"हे कोन हाय?"

पाण्यात, त्या गोलाच्या काठाशी, एक काळं डोकं होतं. डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, त्याचं एक टोक कानामागून सोडलेलं, दोन कोपरं बाहेर, हातात फोन. खाली वाकून बघणाऱ्या माणसाचं प्रतिबिंब. सुजाताने पुढचा फोटो उघडला. त्यातही. त्याच्या पुढच्यातही. जिथे ऊन आणि पाणी जुळलं होतं, तिथे प्रत्येक हाजरीला माणूस हजर होता.

मग आम्ही तारखांप्रमाणे बघत बसलो. उन्हाळ्यात पाणी खोल गेलेलं, डोकं हरभऱ्याएवढं. पाऊस पडला की पाणी वर, तसा चेहराही वर. भाद्रपदातल्या एका फोटोत विहीर काठोकाठ होती आणि देवराव इतके जवळ आले होते की दात दिसत होते. ते हसत होते. कशाला हसत होते कोण जाणे, बहुतेक भरलेल्या विहिरीला.

"पानी आलं का जवळ येतेत," कौसल्याबाई म्हणाली. पदर तोंडाला लावून ती रडली आणि रडता रडता हसलीसुद्धा. सुजाताने तिला धरलं. मी दुसरीकडे पाहावं म्हणून विहिरीत वाकले, तर खाली माझंही डोकं होतं. थोड्या वेळाने शेजारी आणखी दोन आली.

सोमवार

सकाळी सहाला मी कौसल्याबाईबरोबर विहिरीवर गेले. धुक्यात गाव नव्हतंच, नुसते आवाज होते. तिने बटण दाबलं, मोटार घरघरली. मग फोन ओठांशी धरून ती म्हणाली, "पानी आलं हो. भरून घ्या." आणि माझ्या स्वेटरच्या खिशातला फोन थरथरला. दोघी एकमेकींकडे बघून हसलो. शीळ घालणारा पक्षीही होता. तिलाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

मी विचारलं, आता मी ग्रुप सोडू का? काम तर झालं.

"काऊन?" ती म्हणाली. "तुमी गेल्या तं त्यायच्या नंबरवर आयकन कोन?"

परतीच्या बसमध्ये मी या सगळ्याचा धडा काढायचा प्रयत्न केला. ब्लॉगला धडा लागतो. घरातल्या मोठ्या माणसांचे पासवर्ड वहीत लिहून डब्यात ठेवा, गेलेल्या माणसाचं सिम लगेच बंद पडू देऊ नका, हे सांगायलाच हवं, सांगितलं. अनोळखी माणसाला ओटीपी देऊ नका, हेही तितकंच खरं. माझं म्हणणं इतकंच की जमलं तर त्या माणसाकडे जाऊन चहा प्यावा, म्हणजे ते अनोळखी राहत नाही. खर्चाचं विचाराल तर पुण्या-मुंबईत एका जेवणाला जेवढे जातात, तेवढ्यात स्लीपरने जाऊन येणं होतं.

आठवड्याने सुजाताने फोटो पाठवला. भिंतीवरून आधार कार्ड उतरलंय. तिथे आता भाद्रपदातली भरलेली विहीर आहे. येणारे-जाणारे विचारतात, घरात विहिरीचा फोटो काऊन लावला? मग कौसल्याबाई त्यांना जवळ बोलावते आणि बोटाने दाखवते.

माझं रिचार्ज मी आता मुदतीच्या आठवडाभर आधीच करते. आज सकाळी मेसेज आला तेव्हा मी नेहमीसारखी पांघरुणात होते. "पानी आलं हो. भरून घ्या." मग थोडी घरघर, आणि, "नाशिकवाल्या बाई, तुमीबी."

आमच्याकडे चोवीस तास पाणी असतं. तरी उठले आणि एक तांब्या भरून ठेवला.