बर्फाच्या सिनेमाचा बोलका

गुणवंतरावांच्या फिरत्या टॉकीजमध्ये सोमाजी बोलायचं काम करी. वरोऱ्यापासून आरमोरीपर्यंत जिथं बाजार भरे तिथं तंबू पडे. सिनेमाची भाषा लोकांना कळणारी नसली की त्याचा आवाज बंद करत आणि सोमाजी पडद्याच्या कडेला उभा राहून भोंग्यातून आपल्या मनानं सगळ्यांचं बोलणं बोले.

चौपन्न साली नागपूरहून एक जुना जर्मन सिनेमा आला. हसण्याचा होता. पायांना लांब फळ्या बांधलेली माणसं डोंगरावरून घसरत येत, एकमेकांवर आदळत. त्यातला एक जाड्या दर वेळी पाय वर करून बर्फात रुते.

सिंदेवाहीला एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे पांढरं काय होय, भाऊ?"

"बरफ."

"बरफ तं भुश्यात गुंडाळून येते. एवढा कोणाचा होय?"

"कोणाचाच नाई. आभायातून पडते."

तंबू हसला. सोमाजीनं मग जाड्याला घरजावई केलं, मागून घसरत येणाऱ्या बाईला त्याची सासू. लोक लोटपोट झाले. तेव्हापासून गावोगाव तेच बोलायचं. हा सिनेमा यायच्या आदल्या साली बायको रंभा वारली, तेव्हाही तो वरोऱ्याच्या तंबूत लोकांना हसवत होता. आता घसा सतत खरखरे आणि त्याला स्वतःला हसू येतच नसे.

आरमोरीला खेळ अर्ध्यावर असताना सोमाजीचा आवाज गेला. भोंग्यातून नुसती हवा निघाली. मशीनवरच्या बिरजूनं सिनेमाचा आवाज सुरू केला. जर्मन आरडाओरडा, बाजा. एक शब्द कोणाला कळला नाही, तरी जाड्या पडला तसे लोक हसलेच, सोमाजीच्या बोलण्यावर हसत तेवढेच.

सोमाजीला आधी राग आला. मग तो लोकांत जाऊन खाली बसला. पडदा समोरून त्यानं कधी पाहिलाच नव्हता. जाड्या एका पोरीकडे पाहण्याच्या नादात पडत होता. गरीब स्वभावाचा माणूस. सोमाजी हसला, पण आवाज निघाला नाही.

सकाळी त्यानं गुणवंतरावांना कुजबुजत सांगितलं, "मी इथीच राहतो. बहिणीकडे."

"घसा होईन ना नीट."

"होईन. पण मी थकलो, भाऊ."

त्यांनी आग्रह केला नाही. बहीण गुणाबाईनं ओसरीवर त्याचं अंथरूण घातलं. पुढच्या साली तंबू पुन्हा आला, बिरजू बोलवायला आला. सोमाजी खळ्यात धान झोडत होता. आवाज परत आला होता, थोडा फाटका.

"मालकाले सांग, कामात आहो," तो म्हणाला आणि त्यानं पुढची पेंढी उचलली.